कवळी एकाची, मग डॉक्टर चार कशाला?

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. या महिन्यात तीन पेशंटनी तो मला दाखवला. मजकूर थोडक्यात असा: ‘कवळीला एक डेंटिस्ट पुरतो. सर्जन, हिरड्यांचा डॉक्टर, रूट कॅनलवाला अशा फेऱ्या मारायला लावतात त्या कटसाठी. उरलेसुरले दात एकदाच काढा, आठवड्यात पक्की कवळी घ्या. सैल झाली तर पावडर आहेच.’

आधी कटचं, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनचं. कट प्रॅक्टिस चालते, नाकारत नाही. पण प्रत्येक चिठ्ठी कटचीच नसते. कशासाठी पाठवताय, विचारा. डॉक्टरला एक्स-रेवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

‘उरलेले दात काढा.’ खरं नुकसान इथे आहे. दात गेला की त्याला धरून असलेलं हाड झिजू लागतं, खालच्या जबड्यात तर वरच्याच्या साधारण चौपट. खालचे दोन सुळे हलत नसतील तर मी ते सहसा काढू देत नाही. मुळांभोवती हाड किती उरलंय ते हिरड्यांचा डॉक्टर बघतो, रूट कॅनलवाला नस काढून मूळ भरतो, मग दात हिरडीच्या जरासा वर घुमटासारखा कापायचा आणि त्यावर कवळी बसवायची. हाड टिकतं, घास किती जोरात चावतोय तेही कळतं. (मुळं रोज घासायची, नाहीतर किडतात.) एकही मूळ नसेल तर खाली दोन इम्प्लांटवरची (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांवरची) कवळी ही पहिली पसंती असावी, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ साली म्हटलं. तो खर्च सगळ्यांना झेपत नाही, म्हणून तर मुळं जपायची.

आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालेल्यांनी मेसेजमधला दात काढायचा सल्ला मुळीच ऐकू नये. त्या जबड्यात दात काढल्याची जखम चिघळून हाड कुजू शकतं.

‘आठवड्यात पक्की.’ दात काढल्या दिवशीसुद्धा कवळी देता येते. पक्की मात्र नाही. हिरडी महिनाभरात भरलेली दिसते, आतलं हाड पुढे कित्येक महिने आकार बदलतं.

‘सर्जन कशाला?’ एका मावशींच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, तर जिभेच्या बाजूला दोन्हीकडे हरभऱ्याएवढे हाडाचे उंचवटे. वरची कातडी पातळ, कवळी टेकली की जखम. आधीच्या दोन कवळ्या त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. सर्जनने उंचवटे तासले, जखम भरल्यावर मी माप घेतलं. तिसऱ्या कवळीने त्या भाकरी खातात.

राहिली कवळी चिकटवायची पावडर. नीट बसणाऱ्या कवळीला ती मदत करते. डुगडुगणारी कवळी तिच्या जोरावर वर्षानुवर्षं रेटली की खालचं हाड आणखी झिजतं. मावशींच्या पहिल्या कवळीत पावडरीचा थर इतका वाळून बसला होता, की आतला आकारच दिसेना.