‘डोळे दिपले की डोकं बंद’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘इंटरस्टेलर’ या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा देखणा आहे पण पोकळ आहे. शेवट प्रेमाच्या नावाखाली गुंडाळलाय. संगीतात संवाद बुडून जातात. त्यातलं कृष्णविवराचं चित्र मी ‘शंभर टक्के शास्त्रशुद्ध’ म्हटलं, ते चूक आहे. आणि मग हे वाक्य : “डोळे दिपले की ज्यांचं डोकं बंद पडतं, त्यांतले तुम्ही दिसता.” त्याखाली ‘चर्चेसाठी धन्यवाद’.

मी तिथेच चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. ‘शंभर टक्के’ हे शब्द मी वापरायला नको होते. कृष्णविवराभोवती फिरणारी तापलेल्या वायूची तबकडी एका बाजूने जास्त उजळ दिसायला हवी, कारण जी बाजू आपल्या दिशेने धावत येते तिचा प्रकाश तीव्र होतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ मध्ये संगणकाच्या आकड्यांवरून शाईचे ठिपके मांडत जे चित्र काढलं, त्यातही हा फरक आहे. एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ ला जाहीर झाली, तिच्यातही खालची बाजू ठळक उजळ आहे. सिनेमा करणाऱ्यांना हे माहीत होतं. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने तो फरक पडद्यावर येऊ दिला नाही. मान्य. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘त्यांतले तुम्ही’.

तुमची माझी ओळख नाही. मी काय पाहिलंय, कसं पाहिलंय, तुम्हाला ठाऊक नाही. तरीही एका लेखावरून माझं डोकं चालतं की नाही हे तुम्ही ठरवून टाकलंत. माणसाची अक्कल काढायची आणि खाली धन्यवाद लिहायचे, ही कुठली पद्धत? सिनेमा आवडला नाही असं लिहिलं असतंत तर मी शब्दही बोललो नसतो.

सांगायची वेळ आणलीत म्हणून सांगतो. माझे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. चौथीत असल्यापासून संध्याकाळचा डबा घेऊन मी केबिनमध्ये जायचो. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्यामधला झगझगीत उजेड काळ्या काचेतूनच बघायचा. कांड्या जळत जातील तसं त्यांच्यातलं अंतर जुळवत राहायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो, आणि सातेक सेकंदांनी दुसरा. पहिला दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची, दुसरा दिसला की इकडचं बंद, तिकडचं सुरू. लोक नायिकेकडे बघायचे तेव्हा मी त्या कोपऱ्याकडे बघायचो, कारण वडिलांनी ते काम माझ्यावर सोपवलं होतं. पडद्यावरचा उजेड कुठून येतो, किती मेहनतीने येतो, हे मला वयाच्या नवव्या वर्षापासून माहीत आहे. दिपून जाणाऱ्यांत मला बसवू नका.

आणि म्हणूनच ‘देखणा पण पोकळ’ हे मला पटत नाही. देखणेपण म्हणजे वरून फासलेली पावडर, असं तुम्ही गृहीत धरलंय. या सिनेमात तसं नाही. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांवरून प्रकाशाचे किरण कसे वाकतील याचं गणित लिहून दिलं, आणि डबल निगेटिव्ह या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या ऑलिव्हर जेम्स यांनी त्यावरून प्रोग्रॅम तयार केला. काही फ्रेम संगणकावर तयार व्हायला प्रत्येकी शंभर तासांपर्यंत लागले. गार्गान्चुआच्या, म्हणजे सिनेमातल्या कृष्णविवराच्या, डोक्यावरून आणि पोटाखालून जी प्रकाशाची कमान दिसते, ती कुणा चित्रकाराने शोभेसाठी काढलेली नाही. ती मागची तबकडी आहे. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो, म्हणून मागचं वर आणि खाली दिसतं. या कामावरचा शोधनिबंध २०१५ मध्ये ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या नियतकालिकात छापून आला. चित्रच जिथे गणितातून निघालंय, तिथे चित्र बाजूला काढून आशय कुठे शोधणार आहात?

याच थॉर्न यांना २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, कामासाठी विभागून मिळालं. त्या लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ होणार आहे. मी हा सिनेमा २०१४ मध्ये पाहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा लागला तेव्हा आयमॅक्सला पाहिला. दुसऱ्या खेपेला ती कमान दिसली तेव्हा हे सगळं मनात होतं. डोकं चालूच होतं.

बरं, देखणेपण सोडा. सिनेमातल्या, कृष्णविवराजवळच्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. गुडघाभर पाणी, लांबवर डोंगरांची रांग, आणि मग कळतं की ते डोंगर नाहीत, लाट आहे. नायक कूपर आणि त्याचे सोबती परत यानात येतात तेव्हा २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस उलटलेले असतात. कूपर खुर्चीत बसतो आणि घरून आलेले, साठलेले व्हिडिओ निरोप बघायला लागतो. त्याचा शाळकरी मुलगा बघता बघता बाप होतो, मग आता निरोप पाठवणं थांबवतो म्हणून सांगतो. या प्रसंगात अवकाश नाही, लाट नाही. एक माणूस पडद्यासमोर बसून रडतोय, आणि तो त्या पडद्याला उत्तर देऊ शकत नाही. माझ्या शेजारची बाई ओढणीने तोंड दाबून बसली होती. हे पोकळ?

शेवट आणि प्रेमाचा मुद्दा ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे, त्यात मी पडत नाही. संवाद ऐकू येण्याचं म्हणाल तर मला ऐकू आले.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. सिनेमावर हवं तितकं कडक लिहा, मी वाचेन आणि उत्तरही देईन. पण ते शेवटचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे, आणि तसं इथेच, सगळ्यांसमोर लिहावं.