भरपाई मिळाली, पण मालकांना

‘१८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतल्या गुलामांना मुक्त केलं’, एवढं एकच वाक्य लिहून गुलामगिरीच्या अंतावरचा एक लेख पुढे सरकतो. तिथेच खटकलं. मीही हा इतिहास वर्षानुवर्षं असाच शिकवला, म्हणून जास्तच. या कायद्यात २ कोटी पौंडांची भरपाई होती, पण ती मालकांना! गुलामाच्या हाती छदामही नाही. मालकांच्या दाव्यांसाठी माणसांची प्रतवारी केली गेली: शेतमजूर, कारागीर, घरगडी. एक रकाना सहा वर्षांखालच्या मुलांचा, एक म्हाताऱ्या-आजारी, ‘निकामी’ माणसांचा. प्रत्येकाचा भाव वेगळा. त्या रकान्यात कुणाची तरी आजी असणार, हे एकदा डोक्यात शिरलं की जात नाही.

आणि ‘मुक्त’ तरी कुठे? १८३४ नंतर बहुतेक वसाहतींत सहा वर्षांवरच्यांना ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकाकडे आठवड्याचे बरेचसे तास फुकट राबावं लागलं. जन्मभर ऊस तोडलेल्याला काय शिकवणार होते कोण जाणे! ते १८३८ ला संपलं. भरपाईसाठी काढलेलं कर्ज मात्र ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते. हैतीचं, म्हणजे गुलामांनीच बंड करून स्वतंत्र केलेल्या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीचं, तर लेखात नावही नाही. तिथे १८२५ मध्ये फ्रान्सने स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी जुन्या मालकांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले, तेही किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून.