‘सगळ्यांचे रेट सारखे, म्हणजे सगळे आतून मिळालेले’: या मेसेजचं काय करायचं

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, कोपायलट, सगळ्यांचं प्रीमियम महिन्याला २० डॉलरच कसं, गाण्यांच्या ॲप्सचे रेटही एकसारखेच कसे, असं विचारून तो थेट निकालच देतो की हे सगळे आतून मिळालेले आहेत. मग पुढे यादी. सारखे दर हाच पुरावा. एकाने भाव वाढवला की दुसऱ्याला फोन जातो आणि पुढच्याच आठवड्यात तोही वाढवतो. प्रीमियम द्यायला कंपनीला एक पैसा खर्च येत नाही, नुसतं बटण दाबायचं असतं. सगळ्यांचा मालक एकच आहे. जगात आजवर एकाही कंपनीला याबद्दल शिक्षा झालेली नाही. आणि सगळ्यात शेवटी, ‘मग या लुटारूंना पैसे का द्यायचे, खालच्या लिंकवर तेच प्रीमियम दहा टक्के किंमतीत घ्या.’

असले मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकवते. पण हा माझ्या मामेबहिणीने खरा मानला आणि लिंकवर पैसे भरून मोकळी झाली, म्हणून हे लिहितेय आणि म्हणूनच शेवटचा मुद्दा आधी घेतेय.

त्या लिंकवर मिळतं काय, तर कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या नावावरचं एक अकाउंट, ज्याचा पासवर्ड तुमच्यासारख्या आणखी कितीतरी जणांना विकलेला आहे. एआय चॅटच्या अकाउंटमध्ये जुनं सगळं बोलणं बाजूला यादीत पडून असतं, आणि जो कोणी त्या पासवर्डने आत येईल त्याला सगळ्यांचं सगळं वाचता येतं. हे बहिणीच्या डोक्यातच आलं नाही. तिने तिथे स्वतःचा बायोडेटा टाकला, बॉसशी झालेल्या भांडणाचा ईमेल नीट करून घेतला, वर मामीचे रिपोर्ट अपलोड करून ‘हे सिरियस आहे का’ असंही विचारलं. मग एक दिवस यादीत दुसऱ्याच कोणाच्या तरी घटस्फोटाच्या नोटिशीचा मसुदा दिसला तेव्हा बाईंची ट्यूब पेटली. घाईघाईने आपलं सगळं डिलीट करायला गेली तर लॉगिन होईना, पासवर्ड बदललेला, विकणारा गायब. कंपनीकडे तक्रार करायची तर अकाउंट हिच्या नावावर नाहीच, सांगणार काय? असली अकाउंट्स बऱ्याचदा चोरीच्या कार्डावर काढलेली असतात किंवा कोणाची तरी हॅक केलेली असतात, म्हणजे तुम्ही नुसते फसत नाही, चोरीचा माल विकत घेता. आणि कोणी जर आपला नेहमीचाच ईमेल-पासवर्ड त्या विक्रेत्याच्या साइटवर टाकून रजिस्टर केलं असेल तर आत्ता हे वाचणं थांबवा, आधी पासवर्ड बदलून या.

कंपन्या लुटतात म्हणून आख्खा मेसेज बोंब मारतो आणि शेवटी हात घालतो वाचणाऱ्याच्याच खिशात. लिहिणाऱ्याला दरांशी काही घेणंदेणं नाही, त्याला लिंक खपवायचीय. तरी वरचे मुद्दे भल्याभल्यांना पटतात, ग्रुपवर दोन इंजिनियर लाइकचे अंगठे देऊन गेले, म्हणून तेही बघूया.

सारखे दर म्हणजे संगनमत सिद्ध, हा मुख्य मुद्दा. पाऊस आला आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी छत्र्या उघडल्या तर आदल्या रात्री त्यांची मीटिंग झाली होती असं आपण म्हणतो का? सारखे दर दोन अगदी उलट्या परिस्थितीत दिसतात, कंपन्यांनी बसून ठरवलं असेल तेव्हाही आणि गळेकापू स्पर्धा असेल तेव्हाही. समजा तुम्ही आणि मी साधारण एकच गोष्ट विकतोय आणि गिऱ्हाइकाला दोघांचे भाव फोनवर शेजारी शेजारी दिसतायत. मी जास्त लावले तर गिऱ्हाईक तुमच्याकडे जाणार. मी कमी केले तर तुम्ही संध्याकाळपर्यंत तेवढेच कमी करणार, मग मला मिळालं काय, दोघांचीही कमाई घटली. हे मला कळतं, तुम्हालाही कळतं, म्हणून एकमेकांशी एक शब्द न बोलता आपण दोघेही आहे त्या भावावर बसून राहतो. दर सारखे आहेत एवढ्यावरून यातलं कुठलं चाललंय ते ओळखताच येत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता ते २० डॉलर आले कुठून. चॅटजीपीटी प्लस फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. ती किंमत कशी ठरली हे चॅटजीपीटीचे प्रमुख निक टर्ली यांनी २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगितलंय: डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एक गूगल फॉर्म टाकून लोकांना विचारलं की किती असेल तर महाग वाटेल, किती असेल तर इतकं स्वस्त वाटेल की शंका येईल, वगैरे. झालं, ठरली किंमत. मग क्लॉड प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये २० ला आलं, कोपायलट प्रो जानेवारी २०२४ मध्ये २० ला, आणि गूगलचं फेब्रुवारी २०२४ मध्ये १९.९९ ला. मागून येणाऱ्यासमोर आकडा तयारच होता. पंधरा लावले तर लोक म्हणणार माल हलका असेल, तीस लावले तर म्हणणार का बाबा, तुझ्यात असं काय आहे? आणि वरच्या प्लॅनची गंमत बघा, चॅटजीपीटी प्रो डिसेंबर २०२४ मध्ये २०० डॉलरला आलं आणि पुढच्याच महिन्यात ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीर लिहिलं की किंमत मीच ठरवली होती, वाटलं होतं थोडे पैसे सुटतील, पण लोक इतकं वापरतायत की आमचा तोटाच होतोय. नंतर क्लॉड मॅक्स एप्रिल २०२५ मध्ये १०० आणि २०० अशा दोन प्लॅनमध्ये आलं, गूगलचं अल्ट्रा मे २०२५ मध्ये २४९.९९ ला. सगळ्यांनी बसून ठरवलं असतं तर निदान आकडा तरी नीट ठरवला असता की!

बरं, नऊ-नव्व्याण्णववाले आकडे सगळीकडे दिसतात त्याला आणखी एक कंटाळवाणं कारण आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरवर बरीच वर्षं डेव्हलपरला मनाला येईल ती किंमत लावताच येत नव्हती, ॲपलने ठरवून दिलेल्या मोजक्या टप्प्यांतूनच निवडायला लागायची. डिसेंबर २०२२ मध्ये हे टप्पे वाढवून ९०० केले. दहा जण त्याच छोट्या यादीतून निवडणार तर दोघातिघांचा आकडा जुळणारच ना.

ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी एक केस बघा, या एका केसमध्ये आख्ख्या मेसेजचं उत्तर आहे. अमेरिकेत २००५ ते २००८ च्या काळात एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट आणि टी-मोबाइल या चार मोबाइल कंपन्यांनी सुट्ट्या एसएमएसचा दर १० सेंटवरून २० सेंटवर नेला. चौघांनी. तोच आकडा. ग्राहक कोर्टात गेले. टी-मोबाइलच्या एका अधिकाऱ्याचा आतला ईमेल बाहेर आला, त्यात त्याने लिहिलं होतं की मेसेज पाठवायचा आपला खर्च काही वाढलेला नाही, हा प्रकार संगनमताचा आणि संधीसाधूपणाचा आहे. याहून मोठा पुरावा कुठला, असं कोणालाही वाटेल. २०१० मध्ये जज रिचर्ड पोझनर यांच्या अपील कोर्टाने केस पुढे चालू द्या म्हणून सांगितलं, दोन्ही बाजूंचे कागद तपासले गेले, आणि २०१५ मध्ये त्याच पोझनरनी निकाल दिला की एकमेकांशी ठरवल्याचा पुरावा यात नाही. तो ईमेल म्हणजे एका माणसाने आपल्याच कंपनीबद्दल व्यक्त केलेली चीड होती, दुसऱ्या कंपनीशी बोलणं झाल्याचं त्यात काही नव्हतं. मोजक्या कंपन्यांच्या बाजारात स्पर्धक एकमेकांवर ससाण्यासारखी नजर ठेवून असतात, एकाचं बघून दुसऱ्याने भाव नेणं याला समझोता म्हणता येत नाही, आणि कायद्याने गुन्हा असतो तो समझोता.

आता इथे नाइलाजाने एक मान्य करावं लागतं. कोर्टात काहीही ठरो, गिऱ्हाइकाला दहाचे वीस पडलेच. न बोलता जमलेला खेळ आणि बोलून जमवलेला खेळ, खिशाला दोन्ही सारखेच लागतात आणि यातल्या पहिल्याला कायदा हात लावत नाही. मेसेजमध्ये एवढंच लिहिलं असतं तर मी स्वतः तो फॉरवर्ड केला असता. आणि न बोलता हा खेळ कसा जमतो ते बघायचं तर डेन्मार्कचं बघा. तिथल्या स्पर्धा नियामकाने १९९३ मध्ये रेडी-मिक्स काँक्रीटचे खरे व्यवहाराचे भाव छापायला सुरुवात केली, हेतू असा की गिऱ्हाइकाला कळू दे कोण स्वस्त देतंय. झालं भलतंच. कंपन्यांनाच एकमेकांच्या गुपचूप सवलती कळल्या, मग कोण कशाला सवलत देईल, आणि वर्षभरात भाव १५ ते २० टक्क्यांनी वर गेले. सरकारनेच, तेही चांगल्या मनाने, सगळ्यांना एकमेकांचे भाव दाखवून दिले आणि काम झालं.

पुढचा मुद्दा, ‘पुढच्याच आठवड्यात’. ॲपल म्युझिकने अमेरिकेत ९.९९ वरून १०.९९ केलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. स्पॉटिफायने तेच केलं जुलै २०२३ मध्ये. म्हणजे मध्ये नऊ महिने. २०२४ मध्ये स्पॉटिफाय ११.९९ ला गेलं तर ॲपल १०.९९ वरच थांबलं. फोन लागत नसेल बहुतेक. खरा फोन कसा असतो ते १९८२ मध्ये दिसलं होतं, अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी ब्रॅनिफ या दुसऱ्या विमान कंपनीच्या हॉवर्ड पटनम यांना फोनवर, शिवी घालून, सांगितलं की तुझी भाडी वीस टक्क्यांनी वाढव, मी दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वाढवतो. पटनमनी नकार तर दिलाच, वर कॉल रेकॉर्ड करून सरकारला दिला. पुरावा म्हणतात तो हा.

खर्च शून्य हा मुद्दा एका ओळीचा आहे. एसएमएसबाबत तो जवळपास खरा होता, पण स्पॉटिफायच्या सांगण्यानुसार गाण्यांतून येणाऱ्या पैशांपैकी जवळपास ७० टक्के ते हक्कधारकांना देतात, ॲपललाही त्याच संगीत कंपन्यांकडून तीच गाणी घ्यायला लागतात, मग खर्च सारखा म्हणून दरही जवळजवळ सारखे. आणि चॅटजीपीटीचं वर आलंच, २०२५ च्या सुरुवातीला २०० डॉलर घेऊनही तोटा.

‘सगळ्यांचा मालक एकच’ म्हणजे ब्लॅकरॉक आणि व्हॅनगार्ड. या फंड चालवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्यातला पैसा कोट्यवधी लोकांच्या पेन्शनचा आणि बचतीचा, आणि मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल सगळ्यांत त्यांचे थोडे थोडे टक्के आहेत हे खरंय. पण मेसेजमध्ये जी दोन नावं पहिली आहेत त्यांच्या कंपन्या, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक, २०२५ संपेपर्यंत शेअर बाजारात लिस्टेडच नव्हत्या. हां, यातही अर्धं खरं आहेच. स्पर्धक कंपन्यांत तेच मोठे गुंतवणूकदार असले की स्पर्धा मऊ पडते का यावर गंभीर अभ्यास झालेत, अमेरिकी विमान कंपन्यांवरचा एक २०१८ मध्ये जर्नल ऑफ फायनान्समध्ये आला, त्यात तिकिटं ३ ते ७ टक्के महाग पडल्याचं म्हटलंय. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत अजून जोरात वाद चालू आहे. तीन ते सात टक्के आणि ‘एकच मालक’ यात केवढं अंतर आहे ते बघा.

आणि ‘एकालाही शिक्षा नाही’ हे तर धडधडीत खोटं. प्राण्यांच्या खाद्यात घालायच्या लायसीन नावाच्या पोषक घटकाचे भाव ठरवणाऱ्या टोळीच्या मीटिंगा एफबीआयने चक्क लपवलेल्या कॅमेऱ्याने शूट केल्या, त्यांच्यातल्या एडीएम कंपनीला १९९६ मध्ये १० कोटी डॉलर दंड झाला आणि पुढे तिचे बडे अधिकारी तुरुंगातही गेले. १९९९ मध्ये जीवनसत्त्वांचे भाव ठरवणाऱ्या अशाच टोळीतल्या रोश या औषध कंपनीला ५० कोटी डॉलर. डिजिटल मालच हवा असेल तर ई-बुकचं घ्या, पाच प्रकाशकांबरोबर मिळून भाव वर नेल्याबद्दल ॲपल २०१३ मध्ये हरलं, अपिलातही हरलं आणि ४५ कोटी डॉलर मोजले. युरोपात ट्रक बनवणाऱ्यांना २०१६ मध्ये २.९३ अब्ज युरो दंड बसला, चौदा वर्षं चाललेला उद्योग. त्यात मॅन नावाची कंपनीही होती, तिला मात्र दंड शून्य, कारण बाकीच्यांचं भांडं तिनेच युरोपियन आयोगाकडे, म्हणजे दंड करणाऱ्या यंत्रणेकडे, जाऊन फोडलं होतं.