आधी मिनी ठेवा, मग डिस्क उचला!

डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे थाळीसारखी डिस्क फेकत फेकत बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळात, पुढची फेक जिथून करायची ती जागा दाखवणारा मिनी मार्कर, म्हणजेच मिनी, गोल असावा, त्याचा व्यास 7 ते 15 सेंटिमीटर असावा आणि उंची 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, एवढेच पीडीजीएचा, म्हणजे या खेळाच्या संघटनेचा, नियम सांगतो. यात न समजण्यासारखे नेमके काय आहे? तरीही अमेरिकेतल्या कुठल्याही पार्कात पाहावे तर कोणी गाडीची किल्ली ठेवतो, कोणी मोबाइल, तर कोणी बुटाची टाच मातीत रुतवून “इथेच होती” असे छातीठोकपणे सांगतो. पाठीवरच्या पिशवीत वीस डिस्का मावतात, तळहाताएवढी मिनी मात्र मावत नाही! बरे, ती नसेल तर पडलेली डिस्क बहुतेक वेळा जागीच ठेवून तिच्यामागून फेकता येते, पण तेवढाही धीर कोणाला आहे?

त्याहून संतापजनक आहेत ते आधी डिस्क उचलून मग अंदाजाने मिनी ठेवणारे महाभाग. डिस्कच्या बास्केटकडच्या कडेला मिनी टेकवायची आणि मगच डिस्क उचलायची, हा साधा क्रम. पण डिस्क झाडामागे पडली की यांची मिनी नेमकी वीतभर डावीकडे उतरते आणि झाड आपोआप वाटेतून बाजूला होते. मिनीच्या मागे पाय टेकायला 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब एवढीच जागा असते, असे सांगायला जावे तर “अहो, आपण मजेसाठीच खेळतोय ना?” असे ऐकावे लागते. मग गुण तरी कशाला लिहिता? पहिल्या चुकीला ताकीद आणि पुढच्या प्रत्येक चुकीला एक दंडाची फेक असताना, खेळ बिघडवणारा ठरतो तो मात्र टोकणारा!