आधी चाला, सायकल नंतर आणा (आणि सोलापुरात ती कधी लागते तेही सांगते)

"नुसतं चालून काय होतंय ओ, त्यापेक्षा घरात सायकल घेऊन टाका." हा सल्ला आजकाल आपल्याकडे कुणीही कुणालाही देतं. तपासणीत साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं, की आठवड्याच्या आत हॉलमध्ये जागच्या जागी मारायची व्यायामाची सायकल येते. मला हे अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं व्यायाम केलेला नाही, दोन जिने चढले की धाप लागते, अशा माणसानं पहिला दीड-दोन महिना चालावं. सायकलला माझा विरोध नाही. उलट सोलापूरसारख्या गावात तिच्यावाचून अडतं, पण ते पुढे.

चालायला शिकावं लागत नाही. शिवाय चालताना अंगाचा सगळा भार पायांवर येतो आणि हाडांना तो भार हवाच असतो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. सायकलवर आपलं बरंचसं वजन सीट उचलते, त्यामुळे हाडांना व्हावा तसा फायदा होत नाही. वर्षभर रस्त्यावर सायकल मारणाऱ्या व्यावसायिक सायकलपटूंच्या मणक्याची हाडंसुद्धा विरळ निघालेली आहेत. चालण्यानं तोल सांभाळायची सवय राहते हेही महत्त्वाचं. साठीनंतर मोरीत पाय घसरून पडलेल्या किती जणी आपल्या ओळखीत आहेत ते आठवा.

किती चालायचं, यावर दहा हजार पावलांचं खूळ डोक्यातून काढा. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २०२० पासून तर तुकड्या-तुकड्यांत केलेलाही धरतात, एका दमात अर्धा तास झालाच पाहिजे असं नाही. मध्यम म्हणजे शेजारणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. सुरुवातीला दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. साखर असेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं जरूर चाला, चालत्या पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

आता सायकल. गुडघे दुखणाऱ्यांना मी स्वतःहून सायकल सांगते. सपाट रस्त्यावर चालतानाही दर पावलाला गुडघ्यावर वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, सायकलवर तो जवळपास निम्म्यावर येतो. अट एकच, सीट बरोबर हवी. माझ्या जाऊबाईंनी सायकल आणली आणि आठवडाभरात म्हणाल्या, "हिनं तर गुडघे जास्तच धरले, विकून टाकते." मी जाऊन बघितलं. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून त्यांनी सीट पार खाली ठेवली होती. पायडल वर आलं की गुडघा पोटाला लागायचा. सीटखालची खुंटी ओढून दांडा वर घेतला. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात जराशीच वाक राहिली पाहिजे, पाय ताठही नको आणि घडीही नको. मग पायडल जड-हलकं करणारं घट्टपणाचं बटण सैल केलं. "आता कसं हलकं वाटतंय बघा की," म्हणाल्या, आणि सायकल विकायचा विषय तिथंच संपला. दुकानदार सायकल जोडून देतो, सीट कुणाच्या मापाला लावायची ते सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आणखी एक. नवख्या माणसाला सायकलवर दम लागायच्या आधी मांड्या भरून येतात. म्हणून पहिल्या दिवशी आठ-दहा मिनिटं पुरे, तीही सैल चाकावर. पडद्यावर दिसणारा कॅलरीचा आकडा अंदाजपंचे असतो, त्यावर भिस्त ठेवून संध्याकाळी भजी खाऊ नका.

दिवसभर तुम्ही काय करता यावरही बरंच ठरतं, आणि हे कुणी विचारातच घेत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास विड्या वळतात. कंबर आखडलेली, मांड्या आखडलेल्या. त्यांना पुन्हा सीटवर बसवून काय साधणार? त्यांनी उठून चालावं, मोकळ्या हवेत, हात हलवत. याउलट यंत्रमागावर पाळी करणारा माणूस मागांमधून दिवसभर उभा असतो, येरझाऱ्या घालतो. त्याचे पाय थकतात पण छातीला दम लागत नाही, त्यामुळे तो व्यायाम झाला असं म्हणता येत नाही. घरी आल्यावर त्याला चालायला जा म्हणणं जिवावर येतं. तो वीस मिनिटं बसून सायकल मारेल.

आणि राहिलं आपलं ऊन. थंडीत किल्ल्याच्या बागेत, संभाजी तलावाच्या काठी चालणाऱ्यांची काय गर्दी असते! पाडवा झाला की ती विरळ होत जाते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, सकाळी आठलाच चटका, रात्री जेवणानंतरही रस्त्यातून वाफ. पहाटे साडेपाचला निघणं ज्यांना जमतं त्यांनी निघावं. पण त्याच वेळी नळाला पाणी, डबे, मुलांचं आवरणं ज्या बाईच्या गळ्यात आहे, तिचं चालणं पाडव्याला सुटतं ते मृगापर्यंत, आणि मग सुटतं ते सुटतंच. नोव्हेंबरात कमावलेला सगळा दम वाया. मला सायकल हवी ती या अडीच महिन्यांसाठी. पंखा समोर लावायचा, पाण्याची बाटली जवळ, आणि चालण्याची जी वेळ होती तीच वेळ पाळायची.

छातीत दुखतं, हृदयाचा त्रास आहे, अशांनी दोन्हीतलं काहीही डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी चप्पल घालून चालूच नये. बंद, मऊ बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे बघावेत.

सायकल घ्यायचीच तर नवी कोरी लगेच घेऊ नका. आपल्याच गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर किंवा पलंगाच्या मागे एक पडून असते. महिनाभरासाठी मागून आणा. बसून बघताना सीट तुमच्या उंचीला पुरेशी वर जाते का, घट्टपणा कमी-जास्त होतो का आणि जोरात मारताना ती डुगडुगते का, एवढं बघा. डुगडुगत असेल तर फुकट मिळाली तरी आणू नका.