स्टार्व्ड रॉकवर जमात संपली नाही

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीकाठच्या स्टार्व्ड रॉक स्टेट पार्कच्या फोटोंसोबत एक मजकूर फिरतो : पाँटिॲकच्या खुनाचा सूड घ्यायला शत्रूंनी इलिनी या मूलनिवासी लोकांना इथल्या स्टार्व्ड रॉक कड्यावर कोंडलं, ते उपासमारीनं मेले आणि जमातच संपली.

पाँटिॲकचा खून खरा. ओटावा या मूलनिवासी जमातीचा हा नेता १७६९ मध्ये कहोकिया गावी इलिनींतल्याच पिओरिया गटाच्या एका माणसाच्या हातून मारला गेला. कड्याच्या वेढ्याचा मात्र त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. ती दंतकथा आहे.

आणि जमात संपली, हे तर साफ खोटं. इलिनी गटांचे वंशज असलेली पिओरिया जमात आज ओक्लाहोमात आहे, सरकारमान्य आहे, स्वतःचा कारभार चालवते. नांदत्या लोकांना मेलेलं ठरवणारा मजकूर कृपा करून पुढे पाठवू नका.

सांगण्यासारखं इथे पुष्कळ आहे. कड्याजवळच, नदीपलीकडे कास्कास्किया या इलिनी गटाचं मोठं गाव होतं. १६७३ मध्ये मार्क्वेट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी तिथे पोचले. १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल या फ्रेंच शोधप्रवाशाच्या माणसांनी कड्यावर फ्रेंच किल्ला उभारला. इथला वालुकाश्म इतका ठिसूळ की हातानं घासला तरी रेती सुटते. पाण्यानं त्यात १८ घळी कोरल्या आहेत. धबधबे बघायचे तर बर्फ वितळताना किंवा जोराच्या पावसानंतर जावं.