काका, फक्त एक शिक्का

एमबीए करायचं ठरवलंत? उत्तम. बी.कॉम. झालंय, बँकेची परीक्षा दोनदा हुकलीय, घरी बसलं की आई दळण आणायला पाठवते, त्यापेक्षा एमबीए बरं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो, शिक्षण बारावी, तेव्हा मॅनेजमेंटवर बोलायचा मला काही अधिकार नाही. पण गेल्या गुरुवारी दोन भावी मॅनेजर माझ्या गाळ्यावर येऊन गेले आणि त्यांच्याकडून मला जे ज्ञान मिळालं, ते मी तुम्हाला फुकट देतोय.

सीईटीला घाबरू नका. २०० प्रश्न, १५० मिनिटं, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत दिसेल तिथे क्लिक करत सुटा.

निकाल लागला की फोन सुरू होतील. आपला नंबर यांना कुठून मिळाला, हे विचारू नका. "कॅप राउंडची, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीची, वाट कशाला बघताय सर, सीटा संपत आल्यात." संपत आलेल्या सीटांसाठी दिवसातून चार फोन का करावे लागतात, हेही विचारू नका. मार्केटिंगचा पहिला धडा तोच आहे.

हजेरीचं कॉलेज बघून घेईल.

ब्लेझर मात्र अंगाबरोबर शिवा. सांगलीच्या एप्रिलात घालायचाय, तेव्हा अस्तर पातळ सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समर इंटर्नशिप. साठ दिवस कुठल्या तरी धंद्यात प्रत्यक्ष काम करायचं आणि त्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा, असं अभ्यासक्रमात आहे. ते अक्षरशः घेणारे मूर्ख. साठ दिवसांत माणूस गोव्याला जाऊन येतो, मित्राच्या बहिणीचं लग्न उरकतो. रिपोर्ट झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत नाव बदलून देतात. तुम्ही फक्त एखादा अडाणी दुकानदार शोधायचा आणि म्हणायचं, "काका, फक्त एक सही आणि शिक्का."

माझ्याकडे असाच रिपोर्ट आला. माझ्याच दुकानावरचा, एकशे बारा पानांचा. दुकानाचं नाव बरोबर, माझं आडनाव चुकलेलं. दोघांपैकी एकालाही मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण दोघांनी माझ्याकडे साठ दिवस काम केलेलं होतं. म्हटलं, बघू तरी काय काम केलं. पहिल्या प्रकरणात मॅनेजमेंटचा इतिहास. हार्वर्डनं १९०८ साली एमबीए सुरू केलं वगैरे. चांगलं आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१० साली, इथून तासाभराच्या वाटेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि गाव दोन्ही उभं केलं, त्याची एक ओळ नाही. असू दे, झेरॉक्सवाल्याला माहीत नसेल.

मग सर्व्हे. शंभर ग्राहक, पाय चार्ट रंगीत. चौसष्ट टक्के ग्राहक आमच्या हळदीच्या मायलेजवर समाधानी होते.

मी दोनदा वाचलं. मायलेजच. पुढच्या पानावर विक्रीपश्चात सर्व्हिसिंगबद्दल थोडी नाराजी होती. म्हणजे मूळ रिपोर्ट कुठल्या तरी मोटरसायकल शोरूमचा, फक्त 'बाइक' जिथे होतं तिथे 'हळद' घातलेली. कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेवर अकरा पानं होती, मास्लोच्या गरजांच्या पिरॅमिडसकट. माझ्याकडे कर्मचारी म्हणजे एक दिवाणजी. त्यांची प्रेरणा साडेअकराचा चहा.

आणि ते स्वॉट, म्हणजे धंद्याच्या जमेच्या बाजू, कच्चे दुवे, संधी आणि धोके यांचा तक्ता! कच्चे दुवे: 'मालकाचा दृष्टिकोन पारंपरिक.' घ्या. सही त्याच मालकाची पाहिजे. धोके: 'ऑनलाइन स्पर्धा.' अरे, २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, वाट लागली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, मारुती चौकातून होड्या फिरल्या, आणि सांगलीतल्या हळदीच्या धंद्याला धोका काय, तर ऑनलाइन! ही पोरं इथेच वाढलीत. पूर यांच्याही घरात आला असेल. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तो जमेच्या बाजूत नाही. तिथे काय होतं? 'आकर्षक शोरूम.' माझा गाळा बघा एकदा येऊन. पोत्यांवर बसावं लागतं.

मी त्यातल्या एकाला समोरचं हळकुंड दिलं, म्हटलं मोडून सांग, कसं आहे. त्यानं ते उलटसुलट केलं आणि मोबाइलवर फोटो काढला.

शेवटचं पान गाइड सरांच्या प्रमाणपत्राचं. 'हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झाले असून समाधानकारक आहे.' खाली सही. आतली दोन पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मीच नखानं सोडवली.

आता पुरे झाली थट्टा. अरे, लाज कशी वाटत नाही? बापानं ऊस घातला, बिल वेळेवर आलं नाही तरी सोसायटीचं कर्ज काढून तुमची फी भरली, आणि तुम्ही दोन महिने झोपून माझ्या शिक्क्यावर पदवी घेणार? उद्या मुलाखतीत कोणी विचारलं की सांगलीत काय शिकलात, तर मायलेज सांगणार? मग बारा-पंधरा हजारांत क्रेडिट कार्डं विकायला लागली की म्हणणार, एमबीएला किंमत राहिली नाही. किंमत तुम्ही घालवलीत. आणि सर, तुम्ही. पगार घेता ना? तीस पोरांचे रिपोर्ट एका दुपारी सही करता, तुम्हाला एकदाही यार्डात चक्कर मारावीशी वाटली नाही? फोन तरी करायचा. नंबर पहिल्याच पानावर होता, तो मात्र बरोबर छापलाय.

मी शिक्का देत नाही म्हटल्यावर त्यातला उंच पोरगा जरा रागावलाच. म्हणाला, "काका, गेल्या वर्षी आमच्या सिनियरला दिला होता की."

दिला होता. ओळखीतला होता, सौद्याची घाई होती, मी न वाचता मारला आणि वर चहा पाजला. गाळ्यागाळ्यावर हेच चालतं, म्हणून तर ही पोरं बिनधास्त येतात. तेव्हा शिव्या द्यायच्या तर पहिली मला.

त्या दोघांना म्हटलं, उद्या सकाळी आठला या, दिवाणजींबरोबर वजनाच्या पट्ट्या लिहा, गोल गट्टू आणि लांब हळकुंड वेगळं कसं पडतं ते बघा, दोन महिन्यांनी शिक्का मारतो. हो म्हणून गेले.

आज बुधवार. रिपोर्ट अजून इथेच आहे, दिवाणजी त्यावर चहाचा कप ठेवतात.